सक्ती समाजाची, विमा बाजाराचा

युरोपातील शेंगेन देशांत अल्पकाळासाठी जाऊ इच्छिणाऱ्या भारतीयाला व्हिसाच्या अर्जासोबत प्रवासी वैद्यकीय विम्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. या विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे, म्हणजे आजच्या दराने तीस लाख रुपयांच्या आसपास असले पाहिजे. तो सर्व शेंगेन देशांत लागू असला पाहिजे आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस त्यात आला पाहिजे. तातडीचे उपचार, रुग्णालयातील आकस्मिक भरती, आजारपणामुळे मायदेशी परत आणण्याचा खर्च आणि मृत्यू ओढवल्यास होणारा खर्च या गोष्टी त्यात अभिप्रेत आहेत. हा कागद पुरेसा नसेल तर व्हिसा नाकारता येतो. युरोपीय संघाच्या २००९ च्या व्हिसा-संहितेत नकाराचे हे एक स्वतंत्र कारण म्हणून नमूद केलेले आहे.

वरवर पाहता ही अट शहाणपणाची वाटते. परमुलखात आजारी पडलेल्या माणसाची आबाळ होऊ नये आणि त्याच्या उपचारांचा भार यजमान देशाच्या करदात्यावर पडू नये, या दोन्ही अपेक्षांना कोणीही समंजस माणूस हरकत घेणार नाही. तथापि कोणत्याही सक्तीची परीक्षा तिच्या जाहीर हेतूवरून करून भागत नाही. सक्ती कोणावर केली जाते, तिच्यातून जमणारा पैसा कोणाच्या तिजोरीत जातो आणि संरक्षण अखेरीस कोणाला मिळते, हे तीन प्रश्न विचारावेच लागतात. विम्याच्या या अटीला ते विचारले म्हणजे शहाणपणाच्या बुरख्याआड असलेली विषमता स्पष्ट दिसू लागते.

हा प्रश्न मूठभर श्रीमंत सहलकऱ्यांचा आहे, चळवळीला त्याच्याशी काय कर्तव्य, असे काही कार्यकर्त्यांना वाटण्याचा संभव आहे. पण २०२४ या एका वर्षात भारतातून शेंगेन व्हिसासाठी सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि त्यांपैकी दीड लाखाहून अधिक नाकारले गेले. हे सगळे अर्जदार धनिक नव्हेत. जर्मनीत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मुलामुलींना भेटायला निघालेले निवृत्त शिक्षक व कारकून त्यांत आहेत, मुलीच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्या आया आहेत, परिषदेला निघालेले संशोधक आहेत आणि लहान कारखानदारही आहेत. अर्ज नाकारला गेला तर विम्याचा हप्ता काही कपात करून परत मिळू शकतो. ९० युरोंचे व्हिसाशुल्क मात्र परत मिळत नाही. जून २०२४ पूर्वी ते ८० युरो होते. नाकारलेल्या अर्जांची संख्या आणि हा दर यांचा गुणाकार केला तर एका वर्षात एक कोटी युरोंहून अधिक रक्कम भारतीयांनी केवळ नकार मिळवण्यासाठी मोजली, असा हिशेब निघतो. प्रश्न मूठभरांचा असता तरीही त्यातील तत्त्व मोठे होते. येथे तर माणसेही थोडी नाहीत.

एका तारखेचे दोन निर्णय

१४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या मोझेल नदीकाठच्या गावी बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग व नेदरलँड्स या पाच देशांनी आपसातील सीमांवरची तपासणी उठवण्याचा करार केला. तो प्रत्यक्षात आला २६ मार्च १९९५ पासून, आणि आज २९ देश त्या व्यवस्थेत आहेत. दोन महायुद्धांत एकमेकांची कत्तल केलेल्या राष्ट्रांनी आपसातील नाकी काढून टाकावीत, ही विसाव्या शतकातील एक थोर घटना होय. आंतरराष्ट्रीयतेवर श्रद्धा असणाऱ्या समाजवाद्याने तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु आतल्या भिंती पाडताना बाहेरची भिंत उंच केली गेली, हेही त्याच इतिहासाचे दुसरे पान आहे.

विम्याची अट या दुसऱ्या पानावर लिहिली गेली. युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेने डिसेंबर २००३ मध्ये तसा निर्णय घेतला आणि तो १ जून २००४ पासून अमलात आणला. त्याच १ जून २००४ रोजी युरोपीय आरोग्य विमा कार्डाची योजनाही सुरू झाली. या कार्डामुळे संघातील एका देशाचा विमाधारक नागरिक दुसऱ्या सदस्य देशात तात्पुरता गेला असता आजारी पडला, तर तेथील सार्वजनिक व्यवस्थेत स्थानिक नागरिकाला मिळतात त्याच अटींवर त्याला आवश्यक उपचार मिळतात. कार्ड मोफत असते. त्यासाठी कोणत्याही खाजगी कंपनीची पायरी चढावी लागत नाही आणि जुना आजार आहे म्हणून ते नाकारलेही जात नाही.

एकाच तारखेपासून अमलात आलेल्या या दोन निर्णयांत युरोपच्या समतेची मर्यादा नेमकी दिसते. आतल्या माणसाच्या बाबतीत आजारपण हा समाजाने वाटून घ्यायचा भार मानला गेला. बाहेरच्या माणसाच्या बाबतीत तोच भार बाजारात विकत घ्यायची वस्तू ठरली. आणि हे काही केवळ उजव्या राजवटींचे कर्तृत्व नव्हते. निर्णय झाला तेव्हा संघातील सर्वांत मोठ्या देशात, जर्मनीत, सोशल डेमोक्रॅट व ग्रीन पक्षांचे सरकार सत्तेवर होते, हे आपण विसरता कामा नये.

धोका शरीराचा की पासपोर्टचा?

या अटीच्या समर्थनार्थ सांगितले जाते ते असे की, परक्या पाहुण्यांची थकलेली बिले युरोपातील रुग्णालयांना सोसावी लागत होती. बिले थकत असतील, नाही असे नाही. पण मग नियम सर्व परक्यांना सारखा लागू व्हायला हवा होता. प्रत्यक्षात अट व्हिसाला जोडलेली आहे आणि अल्प मुक्कामाच्या व्हिसातून अमेरिका, कॅनडा, जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया आदी देशांचे नागरिक मुक्त आहेत. साहजिकच विम्याच्या कागदातूनही ते मुक्त आहेत. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये तेथील सुमारे २ कोटी ६० लाख लोकांकडे कोणताही आरोग्य विमा नव्हता. त्यांपैकी कोणीही उद्या पॅरिसच्या विमानतळावर उतरला तर विम्याचा कागद नाही म्हणून त्याला अडवण्याचा नियम नाही. मधुमेहाच्या गोळ्या नियमाने घेणारा, आयुष्यभर एका पैचेही कर्ज न बुडवलेला पुण्याचा निवृत्त शिक्षक मात्र कागदावाचून अर्जही करू शकत नाही.

व्हिसामुक्त देशांची यादी केवळ धनिक राष्ट्रांची आहे असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. लॅटिन अमेरिकेतील अनेक देश तीत आहेत. पण दक्षिण आशियातील एकही देश तीत नाही आणि आफ्रिका खंडाच्या मुख्य भूमीवरील एकही नाही. विम्याची सक्ती ज्यांच्यावर पडते त्यांचा नकाशा काढला तर त्याच्या रेषा जुन्या वसाहतींच्या नकाशाशी पुष्कळ ठिकाणी जुळतात.

आपल्या शेजारचेच उदाहरण याहून बोलके आहे. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या कायद्यानुसार नागरिकत्व मिळू शकते, आणि अनेक गोमंतकीयांनी ते घेतलेले आहे. असा पेडण्याचा माणूस आणि तेरेखोल ओलांडून पलीकडे राहणारा सावंतवाडीचा माणूस, दोघे एकाच विमानाने लिस्बनला निघाले असे समजा. दोघांचे वय सारखे, रक्तदाब सारखा, जेवणातले मीठही सारखे. पहिला युरोपचा नागरिक म्हणून उतरतो, त्याच्याकडे कोणी विमा मागत नाही. दुसऱ्याला तीस हजार युरोंची पॉलिसी दाखवल्यावाचून व्हिसा मिळत नाही. रुग्णालयावर पडू शकणारा भार दोघांचा सारखाच असताना अट एकालाच का? वैद्यकशास्त्राकडे या प्रश्नाचे उत्तर नाही, अर्थशास्त्राकडेही नाही. धोका शरीराचा मोजला जात नसून पासपोर्टचा मोजला जातो, एवढाच याचा अर्थ होतो.

सक्ती आहे, सामाईकता नाही

येथे समाजवादी विचाराने एक भेद काटेकोरपणे केला पाहिजे, कारण सक्तीच्या विम्याला आपला तत्त्वतः विरोध नाही. किंबहुना सक्तीचा विमा ही कामगार चळवळीच्या दबावातून जन्माला आलेली गोष्ट आहे. १८८३ साली बिस्मार्कने जर्मनीत कामगारांसाठी आजारपणाचा विमा सक्तीचा केला, तो समाजवाद्यांच्या वाढत्या बळाला शह देण्यासाठी. त्याचा हेतू काहीही असो, त्या कायद्याचे तत्त्व क्रांतिकारक होते. वर्गणीचा एक तृतीयांश भाग मालकाने भरावयाचा होता, आणि कामगाराची वर्गणी त्याच्या मजुरीवर ठरत होती, त्याच्या आजारावर नव्हे. आपल्याकडील १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदाही याच वंशातला आहे.

विम्यात सक्ती का लागते, याचे अर्थशास्त्रीय कारण साधे आहे. विमा ऐच्छिक ठेवला तर ज्यांना आजाराची भीती अधिक तेच तो घेतात, निरोगी माणसे बाहेर राहतात, त्यामुळे दावे वाढतात, हप्ता चढतो, आणखी निरोगी माणसे बाहेर पडतात आणि अखेर ज्यांना विम्याची सर्वाधिक गरज आहे त्यांनाच तो परवडेनासा होतो. सर्वांना सक्तीने आत घेतले की हे चक्र थांबते. तरुणाने वृद्धाचा व निरोग्याने रोग्याचा भार थोडा थोडा उचलावा, सर्वांना एकच दर असावा आणि कोणाचाही आजार वगळला जाऊ नये, हे सक्तीमुळे शक्य होते. व्यक्तीचे स्वातंत्र्य थोडे आकुंचित होते, त्याच्या मोबदल्यात समाजाची सुरक्षितता विस्तारते. सक्तीच्या विम्याचे सारे नैतिक समर्थन या एका व्यवहारात आहे.

शेंगेनच्या विम्यात या व्यवहाराचा पहिला अर्धा भाग आहे आणि दुसरा गायब आहे. प्रवाशाचे स्वातंत्र्य काढून घेतले आहे. विमा न घेण्याचा पर्याय त्याला नाही. पण विमा कंपनीचे स्वातंत्र्य अबाधित आहे. वय पाहून हप्ता कित्येक पट वाढवण्यास तिला मोकळीक आहे, पूर्वीपासून असलेला आजार वगळण्यास मोकळीक आहे, दाव्यातील पहिली काही रक्कम प्रवाशाच्याच माथी मारण्यासही मोकळीक आहे. थोडक्यात, गिऱ्हाईक राज्यसत्तेने हाकून आणून द्यायचे आणि माल मात्र दुकानदाराने आपल्या मर्जीप्रमाणे मापायचा, असा हा प्रकार आहे. वास्तविक ज्या बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला यावेच लागते, तेथे केवळ रोगीच विमा घेतील ही कंपन्यांची नेहमीची तक्रार टिकत नाही. मग वगळण्याच्या कलमांचे समर्थन कशाच्या आधारे करायचे? सक्तीचा लाभ घ्यायचा आणि सामाईकतेचे बंधन पाळायचे नाही, याला विमा म्हणण्यापेक्षा खाजगी तिजोरीसाठी वसूल केलेला कर म्हणणे अधिक रास्त ठरेल.

कागद मान्य, दावा अमान्य

याचा परिणाम काय होतो तो पाहा. सांगलीच्या एखाद्या निवृत्त प्राथमिक शिक्षिकेची मुलगी स्टुटगार्टला असते आणि आई तिच्याकडे दोन महिन्यांसाठी जायला निघते, असे समजू. वय ७१, दहा वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. ती पॉलिसी घेते, प्रमाणपत्रावर तीस हजार युरोंचा आकडा असतो, तारखा जुळतात, सर्व शेंगेन देशांचा उल्लेख असतो. दूतावासाचे समाधान होते. परंतु तिथे तिला पुन्हा हृदयविकाराचा त्रास झाला तर तो पूर्वीचाच आजार आहे असे म्हणून दावा फेटाळण्याची किंवा अगदी मर्यादित रक्कम देण्याची तरतूद अनेक पॉलिसींच्या बारीक अक्षरांत असते. तिला ज्या आजाराची भीती आहे तोच वगळलेला, आणि ज्यांची भीती नाही असे सारे आजार अंतर्भूत. तरीही तिचा कागद व्हिसापुरता निर्दोष ठरतो.

हे अपघाताने घडत नाही. दावा सदस्य देशात वसूल होऊ शकेल की नाही हे दूतावासाने तपासावे, असे व्हिसा-संहिता सांगते. प्रवाशाचा खरा आजार पॉलिसीत धरलेला आहे की नाही, याविषयी ती मौन पाळते. ३०,००० युरोंचा आकडा २००३ च्या निर्णयात होता तोच आजही आहे. दोन दशकांची महागाई त्याला शिवलेली नाही. अनेक प्रवेशांचा व्हिसा असेल तर अर्जाच्या वेळी पहिल्या प्रवासापुरताच विमा दाखवावा लागतो आणि पुढच्या प्रवासांसाठी विम्याची गरज आपल्याला ठाऊक आहे अशी सही पुरते. रुग्णालयांच्या तिजोरीची किंवा पाहुण्याच्या जिवाची खरी काळजी असती तर नियमांची रचना अशी झाली नसती. हा कागद उपचाराच्या दारापेक्षा व्हिसाच्या दारातच अधिक उपयोगी पडतो.

संहितेतील अपवादही लक्षात घेण्यासारखे आहेत. राजनैतिक पासपोर्टधारकांना विम्याची अट नाही. सत्तेचा पासपोर्ट आजारी पडत नाही असे समजून चालायचे. दुसरा अपवाद मात्र आपल्याला काही शिकवणारा आहे. ज्यांना व्यवसायामुळे आधीच वैद्यकीय विमा मिळालेला असतो अशांना सूट देता येते, आणि संहितेने त्यासाठी नाव घेतले आहे ते खलाशांचे. रत्नागिरीचा किंवा गोव्याचा खलाशी ही सूट का मिळवू शकतो? युरोपच्या उदारपणामुळे नव्हे. जहाजावर असताना आजारी पडलेल्या खलाशाच्या उपचारांची जबाबदारी जहाजमालकाची आहे, हे तत्त्व खलाशांच्या संघटनांनी दीर्घकाळ लढून प्रस्थापित केले आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००६ च्या सागरी श्रम करारात ते बांधले गेले. भारताने २०१५ मध्ये त्या कराराला मान्यता दिली. जेथे संघटना उभी राहिली तेथे विम्याचा भार मालकावर गेला. जेथे माणूस एकटा राहिला तेथे तो दलालाच्या टेबलावर गेला.

घरचे अंगण

या सगळ्याचा दोष एकट्या युरोपच्या पदरात टाकून आपल्या राज्यकर्त्यांना सुटता येणार नाही. पॉलिसी भारतात विकली जाते, तिच्या अटी भारतीय नियामकाच्या नजरेखालून जातात आणि नफाही प्रथम येथेच मोजला जातो. १९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १ जानेवारी १९७३ पासून शंभराहून अधिक कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. विमा हे नफ्याचे नव्हे तर सुरक्षिततेचे क्षेत्र आहे, ही त्यामागची भूमिका होती. १९९९ च्या कायद्याने ती सोडून दिली गेली. परकीय भांडवलाची मर्यादा २६ टक्क्यांवरून ४९, मग २०२१ मध्ये ७४ टक्के झाली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ती १०० टक्क्यांवर नेण्याची घोषणा झाली. परकीय भांडवलाला भारतात येताना अडसर एकामागून एक दूर होत गेले. भारतीय माणसाला परदेशी जाताना मात्र कागद वाढत गेले. भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील व्यापार कराराची बोलणी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यांत मोटारी व मद्य यांच्या जकातीची चर्चा जेवढी गाजली तेवढी सामान्य प्रवाशाच्या विम्याची गाजली नाही.

आणखी एक विसंगती आहे. सांगलीच्या त्या शिक्षिकेला स्टुटगार्टमधील दोन महिन्यांसाठी कायदा तीस लाखांचे संरक्षण घ्यायला लावतो. सांगलीतील उरलेल्या दहा महिन्यांत आयुष्मान भारत योजनेखाली मिळते ते कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाखांचे, आणि तेही २०२४ अखेर सत्तर वर्षांवरील सर्वांना योजना खुली झाल्यानंतर. राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला. घरच्या अंगणात आरोग्य हा हक्क न मानणाऱ्या सरकारने परक्या दारात आपल्या नागरिकाच्या हक्कासाठी भांडावे, ही अपेक्षा म्हणूनच सहजासहजी पुरी होणार नाही. ती लोकमताच्या रेट्याने पुरी करून घ्यावी लागेल.

काय मागावे

मागण्या अवास्तव नाहीत. पहिली मागणी आपल्या नियामकाकडे आहे. २०२० मध्ये 'आरोग्य संजीवनी' ही एकसारख्या अटींची पॉलिसी विकणे विमा कंपन्यांना बंधनकारक करण्यात आले. आखाती व इतर काही देशांत मजुरीला जाणाऱ्या कामगारांसाठी असलेल्या प्रवासी भारतीय विमा योजनेत तर दहा लाखांच्या अपघात-संरक्षणाचा हप्ता सरकारनेच ठरवून दिला. दोन वर्षांसाठी २७५ व तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, अधिक कर. दोन्ही योजनांचा पल्ला वेगळा असला तरी एक गोष्ट त्यांनी सिद्ध केली: सरकारच्या मनात आले तर अटीही ठरवता येतात आणि दरही. मग व्हिसासाठी सक्तीच्या असलेल्या पॉलिसीच्या अटी एकसारख्या का ठरू नयेत? तिच्यात जुन्या आजाराचा तातडीचा उपचार धरलेला असावा, वयाची भिंत नसावी, अटी मराठीसह सर्व भारतीय भाषांत असाव्यात आणि चारही सरकारी कंपन्यांनी ती एका सामाईक निधीतून ना-नफा तत्त्वावर द्यावी.

दुसरी मागणी युरोपकडे आहे आणि ती तत्त्वाची आहे. पाहुण्याच्या आजाराचा भार हा खरा प्रश्न असेल तर अट सर्व परक्यांना सारखी लावा, नाहीतर कोणालाच लावू नका. आणि विमा हवाच असेल तर तो खाजगी दुकानात घ्यायला लावण्यापेक्षा व्हिसाशुल्कातच लहानसा अंश धरून सार्वजनिक निधी उभारा, त्यातून रुग्णालयांची बिले भागवा, आणि व्हिसा नाकारला तर तो अंश परत द्या. लाखो प्रवाशांत वाटला गेलेला भार माणशी थोडाच येईल, वृद्धालाही तरुणाएवढाच येईल. युरोपने आपल्या कामगारांसाठी जे तत्त्व दीडशे वर्षांपूर्वी स्वीकारले, तेच पाहुण्याला लावण्याची ही विनंती आहे.

तिसरी गोष्ट मागण्याची नसून करण्याची आहे. युरोपातील समाजवादी व मजूर पक्षांशी आपले जुने बंधुत्वाचे नाते आहे. आपल्या देशातील आरोग्यव्यवस्थेचा त्यांना अभिमान आहे आणि तो सार्थ आहे. परंतु सामाजिक विमा राष्ट्राच्या सीमेवर संपत असेल आणि पलीकडे बाजार सुरू होत असेल, तर ती समता सभासदांपुरती उरते. हे त्यांना आपण मित्रत्वाने, पण स्पष्टपणे सांगितले पाहिजे. जिल्ह्याजिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील अशा प्रवाशांच्या नाकारलेल्या दाव्यांची कागदपत्रे गोळा करावीत आणि ती नियामकापुढे व संसदेपुढे मांडावीत. ज्या सक्तीत समाजाचा लाभ नाही ती सक्ती मान्य करण्याचे कारण कोणत्याही लोकशाहीवाद्याला नाही, मग ती दिल्लीची असो वा ब्रुसेल्सची.